सुकाणू नसलेला फुगा मैदानावर परत कसा येतो?

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये मुलाकडे अमेरिकेला जाणार आहोत. त्याच वेळी न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला बलून महोत्सव असतो, तोही बघायचं ठरतंय. सून म्हणते, तिथले काही फुगे जिथून उडतात तिथेच येऊन उतरतात. फुग्याला ना सुकाणू, ना पंखा. मग हे जमतं कसं? आणि सगळा कार्यक्रम भल्या पहाटेच का? साखरझोप मोडायची आम्हाला फारशी हौस नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : सूनबाई बरोबर सांगतात. आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे : रात्रीची थंडी.

बलून चालवणाऱ्याच्या हातात फक्त वर जाणं आणि खाली येणं असतं. प्रोपेनचा बर्नर पेटवला की आतली हवा तापते, फुगा चढतो. माथ्यावरची झडप उघडून गरम हवा सोडली की उतरतो. दिशा ठरवतो वारा. पण वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहत असेल, तर उंची बदलून दिशाही बदलता येते. अल्बुकर्कीत नेमकं हेच घडतं. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरची ही कोरडी जमीन रात्री झपाट्याने निवते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि रिओ ग्रँडे नदीच्या खोऱ्यातून, उताराच्या दिशेने, उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकू लागते. त्याच वेळी थोड्या उंचीवर वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत असतो. म्हणजे फुगा खालच्या वाऱ्यावर दक्षिणेकडे जातो, वर चढून उत्तरेकडे परततो आणि मैदानाच्या आसपास पुन्हा खाली येतो. बलूनवाले याला ‘बॉक्स’ म्हणतात.

हा बॉक्स रोज मिळत नाही. मिळाला तरी ऊन चढून जमीन तापली, की थर एकमेकांत मिसळतात, हवा उसळू लागते आणि खेळ संपतो. म्हणून पहाट. उजाडण्यापूर्वी काही मोजके फुगे दिवे लावून वर जातात. १९७८पासून चालत आलेल्या या ‘डॉन पेट्रोल’कडे बघून बाकीचे वैमानिक वाऱ्याचा अंदाज घेतात. मग सातच्या सुमारास पाचशेहून अधिक फुगे लाटेमागून लाट असे उडू लागतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पोशाखातले ‘झेब्रा’ शिट्टी फुंकून एकेकाला वाट मोकळी करून देतात. इथे प्रेक्षकाला कठड्यामागे उभं करत नाहीत, हे मला या महोत्सवाचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य वाटतं. उडायला निघालेल्या फुग्यांमधून तुम्ही चालत फिरू शकता. बर्नर पेटला की धग तोंडावर येते. पाच मिनिटांपूर्वी कुडकुडणाऱ्या माणसाला ती हवीहवीशीच वाटते. तेव्हा स्वेटर, टोपी न्याच. दुपारी मात्र उन्हात अर्ध्या बाहीचा सदरा पुरतो.

बरेचसे फुगे अर्थात परत येत नाहीत. ते शहरात कुठेतरी मोकळ्या जागेवर उतरतात आणि त्यांची माणसं गाडी घेऊन मागोमाग धावत असतात. काही वैमानिक मुद्दाम नदीच्या पाण्याला टोपली टेकवून पुन्हा वर उचलतात.

१९७२मध्ये एका मॉलच्या वाहनतळावर १३ फुग्यांनी सुरू झालेला हा सोहळा आता नऊ दिवस चालतो. त्यातला एकच दिवस धरून तिकीट काढू नका. मैदानावर हिरवा झेंडा दिसला तर उड्डाण, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे आज काही नाही. आणि वाऱ्यापुढे कुणाचं चालत नाही, तुम्ही पुण्याहून आला आहात म्हणूनही नाही. वेगळ्या आकारांचे फुगे बघायचे असतील तर गुरुवार-शुक्रवार गाठा. साखरझोप अगदीच मोडवत नसेल, तर काही संध्याकाळी जमिनीवरच उभे राहून फुगे एकदम उजळतात, तेवढं बघा. पण उड्डाणाची सर त्याला नाही.

लाल झेंडा लागलाच तर मैदानाजवळच्या अँडरसन-अब्रुझो बलून संग्रहालयात जा. मॅक्सी अँडरसन आणि बेन अब्रुझो हे अल्बुकर्कीचेच. १९७८मध्ये लॅरी न्यूमन यांच्यासह त्यांनी हेलियमच्या फुग्यातून अटलांटिक ओलांडला. फुग्यातून तो महासागर पार करणारे ते पहिले. आणि तिथे गरम हवेच्या फुग्यातून सर्वांत उंच कोण गेलं याची चर्चा निघालीच, तर विजयपत सिंघानियांचं नाव बेलाशक घ्या. २००५मध्ये ते मुंबईहून उडाले आणि २१,०२७ मीटरपर्यंत पोचले.