फिक्स्ड गिअरचं मागचं चाक

फिक्स्ड गिअरच्या सायकलीला फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पेडलही फिरत राहतं आणि पायांनी पेडल रोखलं की चाक रोखलं जातं. वेग घेणं आणि वेग मारणं, दोन्हींचा भार मागच्या चाकावर येतो. तरी दुकानात बहुतेकांची नजर आधी रिमच्या रंगावर जाते. पुण्याच्या रस्त्यांवर अशी चाकं बांधून आणि चालवून जे पक्कं झालं, ते इथे मांडतो.

१. आधी हबचे आटे बघा. खऱ्या ट्रॅक हबवर आट्यांचे दोन टप्पे असतात. मोठ्या टप्प्यावर कॉग उजव्या आट्याने बसतो; त्याच्या बाहेरच्या लहान टप्प्यावर लॉकरिंग डाव्या आट्याने बसते. पायांनी मागे जोर दिला की कॉग सुटायला बघतो, पण त्या दिशेला लॉकरिंग आणखी घट्ट होते. फ्रीव्हीलच्या हबवर हा दुसरा टप्पा नसतो. त्यावर डिंक लावून कॉग बसवून देणारे भेटतात; त्यांना सरळ नाही म्हणा. कात्रजच्या उतारावर कॉग सुटला, तर पायांचा ब्रेक तिथेच संपतो.

२. हब घेण्यापूर्वी फ्रेम मोजा. ट्रॅक हबची रुंदी साधारण १२० मिलिमीटर असते. जुन्या गिअरच्या रोड फ्रेममध्ये मागे १२६, तर नंतरच्यांत १३० मिलिमीटर जागा सापडते. ॲक्सलवर वॉशर घालून थोडा फरक भरून काढता येतो. मात्र चिमट्याच्या खाचा आडव्या हव्यात. उभ्या खाचेत चाक मागे ओढता येत नाही आणि चेनचा ताण जुळवता येत नाही.

३. चेन सरळ रेषेत धावली पाहिजे. फ्रेमच्या मध्यापासून चेनव्हील आणि कॉग सारख्याच अंतरावर हवेत. ट्रॅकच्या सामानात हे अंतर साधारण ४२ मिलिमीटर असतं. साध्या सायकलीत चेन उतरली तर हात काळे होतात, एवढंच. इथे ती कॉग आणि हबच्या मध्ये अडकली तर चाक जागीच जाम होतं. चेन जिथे सर्वांत ताठ होते, तिथे बोटाने दाबल्यावर थोडी हलायला हवी.

४. मागे ३२ किंवा ३६ स्पोक घ्या आणि प्रत्येक स्पोक तिघांना छेदेल अशी वीण घाला. हबपासून सरळ रिमकडे जाणारे स्पोक मागे नकोत, कारण पायांचा पीळ त्यांना नीट पेलता येत नाही. ट्रॅक हबमध्ये दोन्ही बाजू बहुधा समान असतात. त्यामुळे दोन्हीकडे एकाच लांबीचे स्पोक लागतात, ताणही सारखा राहतो. याच कारणाने चाक बांधायला शिकण्यासाठी याच्याइतकं चांगलं चाक नाही.

५. बांधताना घाई नको. निपलच्या आट्यांना तेलाचा थेंब द्या, प्रत्येक निपल अर्धा-अर्धा फेरा आवळत जा आणि डावा-उजवा व खालवर, दोन्ही आउट (रिमचा वाकडेपणा) काढा. मग समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबा आणि पुन्हा आउट तपासा. जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात या दाबण्याचं कारण सांगितलं आहे: स्पोकच्या वाकणीत साठलेला ताण त्याने मोकळा होतो. सैल स्पोक याच वाकणीत तुटतात. चाक मध्यावर आहे का, हे बघायला ते उलटं करून फ्रेममध्ये घाला. रिम दोन्ही वेळा त्याच जागी दिसली पाहिजे.

६. दात निवडताना टायरचाही विचार करा. पुढे ४८ आणि मागे १६ दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे नेमके ३ फेरे होतात. मग तोच पाय पुढे ठेवून पेडल रोखलं आणि चाक घसरवलं की टायर दर वेळी एकाच जागी झिजतो. मागे १७ दात घेतले तर झीज १७ जागी वाटली जाते. एका दाताच्या फरकाने टायरचं आयुष्य वाढतं.

७. कॉगच्या आट्यांना ग्रीस लावा, चेन गुंडाळलेल्या पान्याने तो आवळा, मग लॉकरिंग कसा. त्यानंतर एखादा चढ उभ्याने चढा. चढावर कॉग आणखी बसतो आणि लॉकरिंग किंचित सैल पडते. ती पुन्हा कसल्याशिवाय उतारावर जाऊ नका.

पैसे मोजकेच असतील तर ते याच क्रमाने खर्च करा: हब, स्पोक, रिम आणि सर्वांत शेवटी रंग. आणि मागचं चाक कितीही उत्तम बांधलेलं असो, पुढचा ब्रेक काढू नका.