मावशींचा कप

आईबाबांनो, एसटीत चार वर्षांचं पोर खणखणीत आवाजात विचारतं, "आई, त्या काकांना एकच पाय का गं?" सगळी गाडी वळून बघते. आपण कानकोंडे होतो, पोराचा दंड दाबतो आणि म्हणतो, "श्शू! असं विचारायचं नसतं." त्याच्या प्रश्नात कुतूहलापलीकडे काही नव्हतं. आपल्या दटावण्यातून मात्र त्याला कळतं की पाय नसणं ही लाजायची गोष्ट आहे. त्यापेक्षा "कुणाचा पाय आजारानं जातो, कुणाचा अपघातात, मग ते कुबडी घेऊन चालतात" एवढं नेहमीच्या आवाजात सांगितलं तरी त्याचं समाधान होतं.

हे त्या मानानं सोपं. मुलं विचारत नाहीत, नुसती बघतात, तिथे खरी पंचाईत असते. घरकामाला येणाऱ्या मावशींना आपण चहा कशात देतो? कान तुटलेल्या कपात, नाहीतर एका ठरावीक स्टीलच्या पेल्यात. तो धुऊन खिडकीत उपडा पडलेला असतो, घरच्या कपबश्यांत कधी मिसळत नाही. कुणी विचारलंच तर आपण स्वच्छतेचं कारण सांगतो. घरातली सगळी भांडी त्याच मावशी घासतात, हे मुलाला रोज दिसत असतं. अशा घरात "सगळी माणसं समान" हे वाक्य कितीही घोकून घेतलं तरी मूल ते परीक्षेपुरतंच लक्षात ठेवणार.

चहावरून आठवलं. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या मदतीनं चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः त्या हॉटेलासमोर गाडी थांबवायचे, गंगारामांकडून चहा मागवून रस्त्यात सगळ्यांदेखत प्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. महाराज गेले 1922 साली, म्हणजे ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची. रात्री झोपताना सांगायला झकास आहे: राजा आहे, घोड्यांची गाडी आहे, गरम चहा आहे. फक्त सांगण्याआधी खिडकीतला पेला तेवढा हलवा. नाहीतर पोर तोंडावर विचारेल, आणि बरोबरच विचारेल.

मुलीच्या सावळ्या रंगाची काळजी तिच्यासमोर बोलून दाखवणं, मुलाला "बायकांसारखा रडतोस काय" म्हणणं, नव्या मित्राचं नाव ऐकताच "आडनाव काय त्याचं?" असं विचारणं, हेही त्याच पठडीतलं.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांच्या प्रवेशाच्या वर्गात किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला लावल्या. त्यामुळे बंगल्यातलं आणि वस्तीतलं मूल एका बाकावर बसू शकतं. पण शाळा सुटल्यावर कुणाला घरी बोलवायचं, हे कायदा ठरवत नाही, आपण ठरवतो. वाढदिवसाच्या यादीतून नेमकी कोणती नावं गळतात, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

म्हणून एक विनंती. पुढच्या वाढदिवसाची यादी मुलालाच करू द्या. त्यातल्या प्रत्येकाच्या आईला तुम्ही स्वतः फोन करा. आणि वस्तीतल्या घरून उलट बोलावणं आलं, तर मुलाला दारात सोडून परतू नका. आत जाऊन बसा, आणि पुढ्यात येईल तो चहा प्या.