कोयत्यापासून गव्हाणीपर्यंत : वेळेचा हिशेब



लागण, खत, पाणी यांवर आपण पुष्कळ बोलतो. पण ऊस तुटल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत किती तास गेले, याचा हिशेब फारसा कोणी ठेवत नाही. फड, टोळी, गाडी, यार्ड, गव्हाण अशी ही साखळी आहे. व्यवस्थापनशास्त्रात हिलाच 'पुरवठा साखळी' म्हणतात. तिचा अभ्यास कसा करायचा ते आज पाहू.

नुकसान कोणाचे?

कोयता लागला की उसातले पाणी उडू लागते, वजन घटते. हे नुकसान ज्याचा ऊस त्याचे. दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. उसातली साखर फुटून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. त्याचे दाणे पडत नाहीत, ते मळीत जाते. कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात, डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ होतो आणि रस गाळायला जड जातो. ऊन वाढले की हे सारे झपाट्याने होते. जळका ऊस आणि यंत्राने तुकडे केलेला ऊस तर आणखी लवकर नासतो. म्हणून तोडीनंतर २४ तासांच्या आत गाळप व्हावे, असे सांगितले जाते.

हे दुसरे नुकसान सर्वांचे आहे. कारण दर ठरवताना उतारा एकेकट्याचा धरत नाहीत, साऱ्या कारखान्याचा धरतात. २०२५-२६ हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवली. त्यापुढे दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. ०.१ टक्का म्हणजे टनामागे एक किलो साखर. रोजचे गाळप ५,००० टन धरा, म्हणजे रोज ५ टन साखर झाली. शिळ्या उसाची गाडी शेजाऱ्याचाही दर खाते, ती अशी.

मोजायचे कसे?

'लई वेळ लागतो' एवढ्याने भागत नाही. प्रत्येक गाडीच्या चार वेळा टिपाव्यात : तोड सुरू झाली ती, गाडी भरून फडातून निघाली ती, यार्डात नंबर लागला ती आणि गव्हाणीवर रिकामी झाली ती. मग उशीर फडात होतो, वाटेत होतो की यार्डात, ते आपोआप कळते.

सरासरीवर मात्र भुलू नये. समजा, दहा गाड्यांपैकी आठ १२ तासांत खाली झाल्या आणि दोन ५२ तासांत. सरासरी येते २० तास. कागदावर सारे ठीक, पण दोन गाड्यांचा ऊस शिळा झालेलाच! म्हणून २४ तासांवर किती गाड्या गेल्या, ते मोजावे.

यार्डाचे गणित सोपे आहे. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने १९६१ साली रांगेचा एक नियम सिद्ध केला. रांगेतल्या मालाला तासाच्या गाळपाने भागले की सरासरी थांबण्याचा वेळ मिळतो. यार्डात २,००० टन ऊस उभा असेल आणि तासाला २०० टन गाळप असेल, तर थांबणे १० तासांचे. गाड्या वाढवल्या तर रांगच वाढेल. पण यार्ड रिकामे ठेवूनही चालत नाही. तोड दिवसा होते, गाळप रात्रंदिवस चालते. रात्रीपुरता साठा हवाच. गाळप बंद पडले, तर तोड थांबवण्याचा निरोप त्याच तासात फडावर गेला पाहिजे.

आपण काय करायचं?

१) तोडणी चिठ्ठी आणि गाडी पक्की झाल्याखेरीज कोयता लावू देऊ नये.

२) आधी तुटलेला ऊस आधी भरावा. मोळ्या उन्हात पडल्या तर पाचटाने झाकाव्यात.

३) वाढे, मुळ्या, माती, पाचट गाडीत जाऊ देऊ नये.

४) चिठ्ठीवर तोडीची खरी वेळ लिहून घ्यावी. वेळ खोटी असली तर पुढचा सारा अभ्यास खोटा.

वार्षिक सभेत आपण उतारा किती, हे विचारतोच. त्याच्या जोडीला '२४ तासांवरच्या गाड्या किती?' हेही विचारत चला. तो आकडा खाली आला, की उतारा टिकवायला मोठा हातभार लागेल.