नियम बदलले की दादा कंपन्यांचं काय होतं?

प्रश्न : मोटार शर्यतींत एखादी कंपनी सारखी जिंकायला लागली की नियम बदलतात, असं वाचनात येतं. हे तिला पाडण्यासाठीच असतं का? आणि नियम बदलल्यावर ती खरोखर पडते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुम्ही फॉर्म्युला वनबद्दल विचारलंय की स्पोर्ट्‌स कारच्या शर्यतींबद्दल, हे पत्रात स्पष्ट नाही. मी स्पोर्ट्‌स कार घेतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे सापडतं. या चाकं झाकलेल्या गाड्या. शर्यती बहुधा लांब पल्ल्याच्या, आणि त्यांची पंढरी म्हणजे फ्रान्समधलं ल मान्स. तिथे १९२३पासून चोवीस तासांची शर्यत होते.

१९६६ साली फोर्डनं तिथे सात लिटर इंजिनाच्या जीटी ४० गाड्या आणल्या आणि पहिले तिन्ही क्रमांक नेले. १९६७मध्येही सात लिटरचीच फोर्ड जिंकली. वेग फार वाढला होता. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या क्रीडा समितीनं १९६८पासून प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांच्या इंजिनाला तीन लिटरची मर्यादा घातली. सात लिटरच्या गाड्या एका फटक्यात बाद झाल्या. फोर्ड कंपनीनं स्वतःचा संघही मागे घेतला.

पण त्याच नियमावलीत दुसरा एक गट होता. ज्या मॉडेलच्या निदान पन्नास गाड्या बांधल्या असतील, त्यांना पाच लिटरपर्यंत मोकळीक. जीटी ४०ची लहान इंजिनाची जुनी आवृत्ती या अटीत आधीच बसत होती. जॉन वायर या इंग्रज व्यवस्थापकानं गल्फ तेल कंपनीच्या फिकट निळ्या-नारिंगी रंगात तीच उतरवली आणि १९६८ व १९६९, दोन्ही वर्षी ल मान्स जिंकलं. नुसतं तेच मॉडेल नव्हे, तर तीच एक गाडी, चॅसी क्रमांक १०७५. १९६९मध्ये जॅकी इक्सनं तिला पोर्शच्या पुढे जेमतेम शंभर-सव्वाशे मीटरवर रेषेपार नेलं. चोवीस तास धावल्यावर एवढंच अंतर! ज्या नियमानं फोर्डची सद्दी संपायची, तो लागू झाल्यावरही फोर्डचंच नाव दोनदा फलकावर चढलं.

याहून रंगतदार गोष्ट पुढची. पाच लिटरच्या गटात गाड्या कमी पडतील म्हणून समितीनं पन्नासची अट पंचवीसवर आणली. हेतू साधा होता. जुन्या फोर्ड, जुन्या लोला येत राहाव्यात आणि मैदान भरलेलं दिसावं. कुणी मुद्दाम पंचवीस कोऱ्या गाड्या बांधून आणील, हे बहुधा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पोर्शमध्ये फर्डिनंड पिएखनं ते वाक्य वाचलं आणि नेमकं तेच केलं. बारा सिलिंडरचं, साडेचार लिटरचं नवं इंजिन हान्स मेट्झगरनं आखलं. गाडीचं नाव ९१७.

समितीचे लोक पहिल्यांदा पाहायला आले तेव्हा तीनच गाड्या पुऱ्या जोडलेल्या होत्या. बाकीच्या अर्धवट, काहींचे तर नुसते सुटे भाग. भाग आहेत म्हणजे गाड्या आहेतच, हा पोर्शचा युक्तिवाद समितीनं मानला नाही. मग स्टुटगार्टच्या त्या कारखान्यात जो हाताला लागेल त्याला कामाला लावलं. शिकाऊ मुलं, हिशेबनीस, कचेरीतल्या सेक्रेटरी, सगळे पाने घेऊन गाड्या जोडू लागले. एप्रिल १९६९मध्ये समिती पुन्हा आली तेव्हा आवारात पंचवीस ९१७ ओळीत उभ्या होत्या. यातली कोणतीही घ्या आणि चालवून पाहा, असं पिएखनं पाहुण्यांना सुचवल्याचं सांगतात. त्यांनी ते घेतलं नाही, आणि बरंच झालं. घाईत जोडलेल्या त्या गाड्यांपैकी बऱ्याच शर्यतीच्या वेगात फार लांब गेल्या नसत्या. शिक्का मात्र बसला.

पहिल्या वर्षी ९१७ हाताळायला भयंकर होती. १९६९च्या ल मान्समध्ये पहिल्याच फेरीत जॉन वूल्फ या चालकाचा तिच्यात मृत्यू झाला. ही गोष्ट सांगताना पंचवीस गाड्यांच्या रांगेचं कौतुक होतं, तेवढीच आठवण वूल्फचीही ठेवायला हवी असं मला वाटतं. पुढे मागचा आकार बदलून गाडी स्थिर झाली आणि १९७०मध्ये पोर्शला ल मान्समधला पहिला सर्वसाधारण विजय मिळाला. १९७१मध्ये मार्को आणि फान लेनेप या चालकांनी ९१७ घेऊन २४ तासांत ५,३३५ किलोमीटर कापले. हा विक्रम २०१०पर्यंत टिकला.

१९७२पासून पाच लिटरचा गटच रद्द झाला आणि तीन लिटरची मर्यादा सगळ्यांना लागली. ९१७ ल मान्ससाठी निरुपयोगी ठरली. फ्रान्सच्या मात्राकडे फॉर्म्युला वनमधून आलेलं तीन लिटरचं इंजिन तयार होतं, त्यामुळे पुढची तीन वर्षं ल मान्स त्यांचं. मग पोर्श पडली का? ल मान्सपुरती पडली. पण तिनं ९१७ अमेरिकेतल्या कॅन-ॲम मालिकेत नेली. तिथे इंजिनाच्या आकारावर बंधन नव्हतं आणि १९६७पासून सलग पाच वर्षं मॅक्लारेनचं राज्य होतं. पोर्शनं इंजिनाला टर्बो लावला. १९७२ आणि १९७३, दोन्ही अजिंक्यपदं पोर्शकडे गेली. १९७३च्या गाडीची ताकद हजार अश्वशक्तीच्या वर होती. मॅक्लारेननं १९७२नंतर ती मालिकाच सोडली. १९७४मध्ये संयोजकांनी इंधनाच्या वापरावर मर्यादा घातली, त्यात पोर्शच्या टर्बो इंजिनाची वाट लागली. पण त्याच वर्षाच्या शेवटी मालिकाही बंद पडली.

अजून एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. १९८०मध्ये इंडियानापोलिस ५००साठी पोर्शनं टर्बो इंजिन तयार केलं. तिथल्या संयोजकांनी ऐन वेळी पोर्शला मिळणारा टर्बोचा दाब कमी केला आणि पोर्शनं तो बेतच सोडला. ते २.६५ लिटरचं इंजिन पडून राहिलं नाही. १९८१मध्ये त्यानं ल मान्स जिंकून दिलं. १९८२मध्ये ग्रुप सी आला. त्यात इंजिन हवं ते वापरा, पण हजार किलोमीटरला इंधन ६०० लिटरच, असा नियम होता. पोर्शनं त्यात बसणारी ९५६ बनवली आणि तिच्या पोटात इंजिन होतं ते याच घराण्यातलं. त्या वर्षी ल मान्सला १, २, ३ क्रमांकाच्या तीन पोर्श त्याच क्रमानं पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आल्या. १९८७पर्यंत पोर्शला तिथे कुणी हरवू शकलं नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. नियम गाडी बाद करतो, गाडी घडवणारी माणसं बाद करत नाही. ज्यांच्याकडे पैसा, इंजिनाचं ज्ञान आणि नियमावली बारकाईनं वाचणारा माणूस असतो, ते नव्या नियमातही लवकर उभे राहतात. मार बसतो तो बहुधा लहान संघांना. त्यांनी जुनी गाडी विकत घेतलेली असते आणि नव्या गाडीला पैसे नसतात. आणि नियम नेहमी एखाद्या कंपनीला पाडण्यासाठीच येतो असंही नाही. वेग, सुरक्षितता, खर्च अशी कारणं खरी असतात. फक्त जो पुढे असतो त्याला सर्वांत आधी लागतं.

प्रश्न : माझदाच्या रोटरी इंजिनानं ल मान्स जिंकलं म्हणून त्यावर बंदी घातली, हे खरं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. ही गोष्ट इतकी चांगली वाटते की ती मरत नाही, पण घटनांचा क्रम उलटा आहे. महासंघानं आधीच ठरवलं होतं की सर्वांनी फॉर्म्युला वनसारखी साडेतीन लिटरची पिस्टन इंजिनं वापरायची. १९९१ हे जुन्या गाड्यांसाठी सवलतीचं वर्ष होतं. रोटरीला ही शेवटची संधी आहे, हे माझदाला ठाऊक होतं.

त्या वर्षी जॅग्वार, मर्सिडीज अशा जुन्या गाड्यांवर वजन लादून त्या हजार किलोच्या केल्या होत्या. माझदाच्या लोकांनी मात्र रोटरीचा वर्ग वेगळा म्हणून ८३० किलोवर धावण्याची परवानगी मिळवली. कुणी फारशी हरकत घेतली नाही, कारण माझदाला कुणी मोजतच नव्हतं. मर्सिडीज आघाडीवर होती, पण शेवटच्या तीन-चार तासांत तिचं इंजिन तापून ती बसली. नारिंगी-हिरवी ५५ क्रमांकाची ७८७बी पुढे आली आणि ३६२ फेऱ्या पुऱ्या करून जिंकली. मागे तीन जॅग्वार. शेवटची पाळी चालवून जॉनी हर्बर्ट इतका गळून गेला होता की त्याला उपचारांसाठी न्यावं लागलं आणि विजेत्यांच्या मंचावर तो पोचलाच नाही.

१९९२मध्ये माझदा साडेतीन लिटरच्या पिस्टन इंजिनानं ल मान्सला चौथी आली. पण त्या नियमानं खरं नुकसान माझदाचं केलं नाही, सगळ्या स्पर्धेचं केलं. फॉर्म्युला वनच्या तोडीचं इंजिन चोवीस तास टिकवायचं म्हणजे खर्च अफाट. १९९१नंतर मर्सिडीज आणि जॅग्वार निघून गेल्या. १९९२मध्ये पुढच्या रांगेत पेजो आणि टोयोटा यांच्याशिवाय फारसं कुणी उरलं नाही. जागतिक अजिंक्यपदाची मालिका त्या वर्षाअखेर बंद पडली. १९९३मध्ये ल मान्सला पेजोच्या गाड्या पहिल्या तीन आल्या, आणि जिंकायला जागतिक मालिकाच नव्हती. दादा कंपनीचं याहून वाईट काय व्हायचं? प्रतिस्पर्धीच घरी गेले.

प्रश्न : आता वेगवान गाडीवर वजन टाकतात म्हणे. हुशार मुलाचे गुण कापण्यासारखं नाही का हे? (एक वाचक, पणजी)

उत्तर : तुमची चीड मला समजते. या पद्धतीला बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स म्हणतात. गाडीचं किमान वजन आणि इंजिनाची ताकद संयोजक कागदावर ठरवतात, म्हणजे वेगवेगळ्या घडणीच्या गाड्या एका वेगाजवळ येतात. २०२३चं ल मान्स हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. टोयोटा तिथे सलग पाच वर्षं जिंकत होती. शर्यतीच्या जेमतेम दहा दिवस आधी यादी बदलली. टोयोटाला ३७ किलो वाढवून दिले, फेरारीला २४, कॅडिलॅकला ११ आणि पोर्शला ३. त्या शतकमहोत्सवी वर्षी पन्नास वर्षांनी अव्वल गटात परतलेली फेरारी जिंकली.

वजनानंच टोयोटा हरली, असं मात्र म्हणता येणार नाही. शेवटच्या दोन तासांत र्‍यो हिराकावाची टोयोटा आर्नाजच्या वळणावर ब्रेक लॉक होऊन घसरली आणि तिथे मौल्यवान वेळ गेला. शेवटी फरक सव्वा मिनिटापेक्षा थोडाच जास्त होता. तेवढ्या फरकात ३७ किलोंचा वाटा किती आणि त्या चुकीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. या पद्धतीवरचा माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. जिंकणाऱ्यालाही शंका चिकटते आणि हरणाऱ्यालाही निमित्त मिळतं. भर म्हणजे यावर संघांनी जाहीरपणे बोलू नये असा नियम आहे, तो मला पटत नाही. वजन बदला, पण का बदललं ते आकड्यांसह सांगा, आणि मोठ्या शर्यतीच्या तोंडावर बदलू नका.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. २०१८ ते २०२० या काळात ल मान्सच्या पहिल्या गटात टोयोटा ही एकटीच मोठी कंपनी उरली होती, कारण आउडी २०१६अखेर आणि पोर्श २०१७अखेर खर्चाला कंटाळून गेल्या होत्या. २०२३मध्ये टोयोटासमोर फेरारी, पोर्श, कॅडिलॅक, पेजो अशी रांग उभी राहिली, ती याच पद्धतीच्या भरवशावर. कमी खर्चात बांधलेली गाडीही शर्यतीत राहील, ही खात्री असल्याशिवाय त्या आल्याच नसत्या.

आणि हुशार मुलाचं काय झालं म्हणाल, तर त्या हंगामात सात शर्यती होत्या. ल मान्स सोडून बाकीच्या सहाही टोयोटानं जिंकल्या आणि अजिंक्यपदही घेतलं.