एअरबॉक्सला भोकं पाडावीत का?

चेन्नईच्या वेलचेरीत राहणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे : मोटारीच्या एअर फिल्टरच्या डब्याला भोकं पाडली तर पिकअप वाढेल का?

आवाज नक्की वाढेल. पिकअप मात्र घटण्याचीच शक्यता जास्त. मूळ डबा नळीवाटे बाहेरची गार हवा ओढतो; भोकांतून बॉनेटखालची तापलेली हवा शिरते. हवा 10 अंशांनी तापली की तिची घनता सुमारे 3 टक्क्यांनी उतरते, ऑक्सिजनही तेवढाच कमी.

वेलचेरीत तर खरी भीती पाण्याची. डिसेंबर 2023च्या मिचाँग चक्रीवादळात इथले रस्ते बुडाले होते. खालच्या भोकातून सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

पिकअप कमी वाटत असेल तर भोकं पाडण्याऐवजी डब्याच्या क्लिपा सोडून फिल्टरच्या घड्या पाहाव्यात, धुळीने काळवंडल्या असतील तर फिल्टर बदलावा. आणि बुडालेल्या गाडीचा स्टार्टर मारू नये, ती टो करूनच न्यावी.