पूर्णेच्या गाळातील राख आणि आकाशातील राख

अकोला व अमरावती जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीने आपल्या खोऱ्यात शेकडो फूट जाडीचा गाळ साठविला आहे. या गाळात भूवैज्ञानिकांना ज्वालामुखीच्या राखेचे थर आढळले आहेत. ही राख वऱ्हाडातील नव्हे. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्यावेळी उडालेली राख सुमारे ३,००० किलोमीटर अंतर कापून येथवर आली व पावसापाण्याने वाहत नदीच्या गाळात गाडली गेली. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथेही असाच थर आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तो प्रकाशात आणला. त्याच्या वयाविषयी मात्र अभ्यासकांत बराच वाद झाला.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. वऱ्हाडची कपाशीची काळी माती म्हणजे ही राख नव्हे. ती माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली आहे. चिखलदऱ्याच्या कड्यांत दिसतो तोच हा पाषाण.

ज्वालामुखीची राख आणि चुलीतील राख यांत नावापलीकडे साम्य नाही. चुलीतील राख हा जळणाचा अवशेष होय. ज्वालामुखीची राख म्हणजे वायूच्या स्फोटाने फुटलेल्या शिलारसाचे, खडकाचे व काचेचे बारीक कण. सूक्ष्मदर्शकाखाली ते फुटलेल्या बुडबुड्याच्या कवचासारखे, धारदार कडांचे दिसतात. ते पाण्यात विरघळत नाहीत. आणि विमानाला त्यांचे भय वाटते ते याच काचेमुळे.

२४ जून १९८२ रोजी लंडनहून मुंबईमार्गे ऑकलंडकडे निघालेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ विमान क्वालालंपूर सोडल्यानंतर जावा बेटाजवळ सुमारे ३७,००० फुटांवरून जात होते. खाली गालुंगगुंग ज्वालामुखी धुमसत होता. रात्रीच्या अंधारात राख दिसेना. कोरडे, बारीक कण हवामान-रडारलाही उमगले नाहीत. एकामागून एक चारही इंजिने बंद पडली. असे होण्याचे कारण साधे आहे. राखेतील काच साधारण ११०० अंश सेल्सियसला वितळू लागते, इंजिनातील ज्वलनकक्षाचे तापमान त्याहून पुष्कळ अधिक असते. वितळलेली काच पुढील पात्यांवर थापली जाते, हवेचा मार्ग कोंडतो आणि इंजिन विझते. विमान राखेच्या ढगाखाली उतरल्यावर थंड झालेली काच तडकून निघाली, इंजिने पुन्हा सुरू झाली, व विमान जाकार्ता येथे सुखरूप उतरले. समोरची काच मात्र कणांनी घासून इतकी धूसर झाली होती की वैमानिकांना धावपट्टी नीट दिसत नव्हती.

पुढे जगभर राखेवर लक्ष ठेवणारी नऊ सल्ला केंद्रे उभी राहिली. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीमुळे युरोपचे बरेचसे आकाश सहा दिवस बंद राहिले व सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली. मुंबईत अडकलेल्या प्रवाशांनाही त्याची झळ बसली.

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियाच्या अफार प्रदेशातील हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला. राख सुमारे १४ किलोमीटर उंच गेली, तांबडा समुद्र ओलांडून गुजरात व राजस्थानवर आली आणि दीड दिवसाच्या आत दिल्लीवर पोहोचली. तुलूझ येथील केंद्राने इशारे दिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने राखेचे पट्टे टाळण्याची सूचना केली. अकासा एअरने आखाती देशांची काही उड्डाणे रद्द केली. एअर इंडियाने राखेजवळून गेलेल्या विमानांची तपासणी केली व त्यासाठी काही फेऱ्या थांबविल्या. दुसऱ्या दिवशी ढग चीनकडे सरकला.

त्या दिवसांत वऱ्हाडात कापसाची वेचणी चालू होती. ढगाचा मुख्य पट्टा येथून बराच वायव्येला, आणि तोही फार उंचावर होता. तेव्हा पऱ्हाटीवर राख पडेल ही भीती निराधार होती. उंचीवरून जाणारी राख आणि जमिनीवर पडणारी राख यांतील भेद ग्रामसभेत व वर्गात समजावून सांगण्याजोगा आहे. सकाळचे धुके अथवा धुराडी हवा दिसली म्हणजे राख आली, असे नव्हे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली, त्यामुळे हा विषय येथेही अगदी परका राहिलेला नाही. पंख्याच्या विमानाचे इंजिनही आतून टर्बाइनच असते. मुंबईवर राख आली तर बेलोऱ्याचा प्रवासी खोळंबेल.

प्रत्यक्ष राख पडलीच, तर प्रश्न निराळे उभे राहतात. अफारमध्ये जनावरांच्या चराईवर राख साचली, व पशुपालकांपुढे चाऱ्याची चिंता उभी राहिली. अशा वेळी विहिरी, टाक्या व कडब्याच्या गंजी झाकाव्या लागतात; नाकातोंडावर ओले फडके बांधावे लागते; अंगणातील राख कोरडी झाडू नये, किंचित शिंपडून गोळा करावी. टिनाच्या छपरावरची राख पाऊस येण्यापूर्वी उतरवावी, कारण भिजलेली राख कोरडीपेक्षा पुष्कळ जड होते. विजेच्या खांबावरील चिनी मातीच्या चिमण्यांवर ओली राख बसल्यास त्यातून वीज वाहू लागते व पुरवठा खंडित होतो. तेथे हात न लावता वीज मंडळाच्या कर्मचाऱ्यांस कळवावे.