अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांसाठी गृहवसाहती : धोरण आणि रचना

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. यांपैकी बहुसंख्यांचे आयुष्य असंघटित क्षेत्रातील कामात गेले असल्याने त्यांना नियमित निवृत्तिवेतनाचा आधार नाही. त्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न केवळ वृद्धाश्रमांची संख्या वाढवून सुटणारा नाही.

प्रमुख तरतुदी

वृद्ध व्यक्तींविषयीच्या १९९९ च्या राष्ट्रीय धोरणात अल्प उत्पन्न गटाच्या गृहयोजनांतील १० टक्के घरे वा भूखंड ज्येष्ठांसाठी राखून ठेवण्याचे सूचित केले आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. मात्र ती राज्यांवर बंधनकारक नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) मार्गदर्शक तत्त्वांत ज्येष्ठांच्या कुटुंबांना शक्यतो तळमजल्यावर अथवा खालच्या मजल्यावर घर द्यावे, असे म्हटले आहे. निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी केंद्राने २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

वंचित राहणारा गट

या तरतुदींचा लाभ प्रामुख्याने दोन टोकांना होतो. एका टोकाला पूर्णतः निराधार, तर दुसऱ्या टोकाला निवृत्त-निवास विकत घेऊ शकणारे. यांच्या मधला वर्ग मोठा आहे. थोडीफार बचत असलेली घरकामगार विधवा निराधार ठरत नाही आणि साठीनंतर तिला गृहकर्जही सहसा मिळत नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेतील केंद्राचा हिस्सा ७९ वर्षांपर्यंत दरमहा २०० रुपये व त्यानंतर ५०० रुपये आहे. राज्ये त्यात आपली भर घालतात. म्हणूनच या वर्गाला मालकीपेक्षा उत्पन्नाशी निगडित, दीर्घ मुदतीच्या भाड्याचे घर अधिक उपयुक्त ठरते.

रचनेची सूत्रे

पहिले सूत्र स्थानाचे. शहराबाहेरील स्वस्त जमिनीवर वसाहत उभारल्यास बांधकामाचा खर्च घटतो. परंतु दवाखाना, शिधावाटप दुकान व बँक दूर गेल्याने ज्येष्ठांचा प्रवासखर्च वाढतो.

दुसरे सूत्र इमारतीचे. सुलभतेविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार उतरणीचे प्रमाण १:१२ पेक्षा तीव्र नसावे. रुंद दरवाजे, न घसरणारी फरशी व शौचालयातील आधारदांड्या यांचा विचार मूळ आराखड्यातच व्हावा. नंतरचे फेरबदल महाग पडतात. वरच्या मजल्यावर घर मिळाले आणि उद्वाहन बंद पडले, तर तेच घर बंदिवास ठरते.

तिसरे सूत्र सहजीवनाचे. तमिळनाडूतील कडलूरजवळ २००४ च्या त्सुनामीनंतर हेल्पेज इंडियाने उभारलेले तामरैकुलम ज्येष्ठग्राम हे याचे उदाहरण होय. तेथे सुमारे १०० गरजू ज्येष्ठांची व्यवस्था एकाच मोठ्या इमारतीत न करता छोट्या घरांच्या समूहात करण्यात आली आहे. सामाईक भोजनगृह, ओटा व बाग यांमुळे एकटेपणा कमी होतो आणि आजारी व्यक्तीकडे शेजाऱ्याचे वेळीच लक्ष जाते.

निष्कर्ष

परवडणारे घर म्हणजे केवळ कमी किमतीचे घर नव्हे. दरमहाचा खर्च, घरातील वावर आणि औषधोपचार या तिन्ही गोष्टी रहिवाशाच्या आवाक्यात असतील, तरच ज्येष्ठांची वसाहत खऱ्या अर्थाने परवडणारी म्हणता येईल. भूखंडनिवडीपासूनच गृहनिर्माण, आरोग्य व समाजकल्याण विभागांचा समन्वय त्यासाठी आवश्यक आहे.